‘वी आर हॅविंग टू गेजेस’: एका वाक्याने थांबवलेल्या मंजुरीचे प्रकरण

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याने इंग्लंडमधील ग्राहकाकडे एका बुशची (आतून पोकळ, नळीसारख्या भागाची) सॅम्पल मंजुरीसाठी पाठवली होती. बुशचा आतला व्यास कारखान्यात कसा तपासला जातो, असे ग्राहकाने मेलवर विचारले. ग्राहकांशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एका तरुण कर्मचारी महिलेने त्याला उत्तर लिहिले, ‘वी आर हॅविंग टू गेजेस फॉर धिस पार्ट.’ या पार्टसाठी आमच्याकडे दोन गेज, म्हणजे माप तपासण्याची साधने, आहेत, एवढेच तिला सांगायचे होते. ते दोन्ही प्लग गेज क्वालिटी विभागाच्या कपाटात क्रमांक टाकून ठेवलेले होते आणि त्यांची कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, प्रमाणपत्रेही फाइलमध्ये होती. ग्राहकाचे जे उत्तर आले त्यात मात्र गेज केव्हा येणार आहेत अशी चौकशी होती, आणि गेज हाती आल्यावर त्यांनीच मोजमाप करून सॅम्पलचा अहवाल पुन्हा पाठवावा, तोपर्यंत मंजुरी थांबवत आहोत, असेही त्यात लिहिले होते.

ही महिला नोकरी सांभाळून पुण्यात माझ्या इंग्रजीच्या वर्गाला येते. तिच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. तिची, कारखान्याची किंवा ग्राहकाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. स्थिती दाखवणारी क्रियापदे चालू काळात वापरण्याची सवय मराठीभाषक विद्यार्थ्यांमध्ये सर्वत्र आढळते आणि बहुतेक वेळा ती किरकोळ चूक म्हणून लाल शाईने दुरुस्त करून सोडून दिली जाते. या प्रकरणात त्या सवयीचा परिणाम कागदावर दिसला, म्हणून तिच्या मुळापर्यंत जाण्याची संधी मिळाली.

ग्राहकाने तसा अर्थ का काढला

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. इंग्रजीत ‘हॅव’ हे क्रियापद मालकी दाखवते तेव्हा ते साध्या काळात राहते. त्याला आयएनजी लागले की मालकीचा अर्थ मागे पडतो आणि दुसरेच काही अर्थ पुढे येतात. ‘वी आर हॅविंग लंच’ म्हणजे जेवण चालू आहे. ‘वी आर हॅविंग द रूफ रिपेअर्ड’ म्हणजे छताची दुरुस्ती दुसऱ्याकडून करवून घेत आहोत. ‘वी आर हॅविंग गेस्ट्स ऑन संडे’ म्हणजे रविवारी पाहुणे यायचे ठरले आहे. ‘गेज’ हा शब्द घेऊन या तिन्ही दारांवर थाप मारली तर जेवणाचे दार बंदच राहते. करवून घेण्याचा किंवा यायचे ठरल्याचा अर्थ तेवढा उरतो. दोन्ही अर्थांनी गेज आज कारखान्यात नाहीत. ज्याला आपल्या बोलण्याची पार्श्वभूमी ठाऊक नाही असा वाचक वाक्यातून निघू शकणारा सर्वांत जवळचा अर्थ घेतो, आणि या वाचकाने तेच केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. इंग्रजी चालू काळाचा मूळ अर्थ केवळ ‘आत्ता’ असा नाही. जे चालले आहे त्याला सुरुवात आहे, शेवट होणार आहे आणि मध्ये ते बदलू शकते, असा त्या रूपाचा सूर असतो. ‘आय लिव्ह इन कोथरूड’ म्हणणारा कोथरूडचा रहिवासी असतो. ‘आय अॅम लिव्हिंग इन कोथरूड’ म्हणणारा सध्या तिथे राहतो आणि पुढे कदाचित हलेल. ‘द मुठा फ्लोज थ्रू पुणे’ हे भूगोलाचे वाक्य झाले, तर ‘द मुठा इज फ्लोइंग ओव्हर द कॉजवे’ हे खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातल्या रस्त्याबद्दल म्हणण्याचे वाक्य झाले. असे असल्यामुळे जी गोष्ट मुळात घडत नसून केवळ असते, ती चालू काळात घातली की इंग्रजी वाचक तिच्यात काहीतरी तात्पुरते किंवा घडणारे शोधू लागतो.

विद्यार्थिनीची पूर्वतयारी

तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला, त्यामुळे तिच्या आधीच्या पिढीपेक्षा तिला इंग्रजीचा सहवास बराच अधिक काळ मिळाला आहे. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती नोकरीला लागली. तिचे स्पेलिंग चांगले आहे, कामातले शब्द अचूक आहेत आणि ड्रॉइंगवरच्या टिपा ती न अडखळता वाचते. म्हणून हा प्रश्न कच्च्या इंग्रजीचा होता असे समजणे चुकीचे ठरेल.

ज्या क्रियापदांना आयएनजी लावायचे नसते त्यांची यादी तिला शाळेपासून पाठ होती. नो, लव्ह, हेट, वॉन्ट, बिलाँग, हॅव अशी ती तिने माझ्यासमोर म्हणूनही दाखवली. मग तरीही मेलमध्ये असे का लिहिले गेले, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर या प्रकरणातील सर्वांत मोलाचे आहे. ती म्हणाली, “सर, ‘हॅव’ला आयएनजी लागत नाही हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे गेज आहेत, असं मनात आलं की ‘आहेत’साठी ‘आर’ आधीच टाइप होऊन जातं. मग ‘आर’ लिहिलंय म्हटल्यावर ‘हॅव’ कसं लिहिणार? तिथे ‘हॅविंग’च बसतं.”

म्हणजे तिने नियम मोडला नव्हता. ‘आर’ नंतर ‘हॅव’ येत नाही, हा दुसरा नियम तिने प्रामाणिकपणे पाळला होता. चूक ‘हॅविंग’मध्ये दिसत असली तरी ती एक शब्द आधी, ‘आर’ लिहितानाच झालेली होती. यादी कितीही पाठ असली तरी ती ‘आर’पर्यंत पोहोचत नाही.

जुन्या मेलची छाननी

या उत्तरानंतर तिने आपल्या मागील काही महिन्यांच्या मेलमधून अशी वाक्ये निवडून आणली आणि प्रत्येक वाक्याखाली ते लिहिताना मनात असलेले मराठी वाक्य लिहिले. हे मराठी वाक्य लिहून घेणे मी आवश्यक मानतो, कारण नुसत्या इंग्रजी वाक्यांवरून सगळ्या चुका एकसारख्या दिसतात आणि त्यांच्या वेगवेगळ्या वाटा कळत नाहीत.

‘द बॉक्स इज कन्टेनिंग फिफ्टी पीसेस’ याच्या खाली होते, ‘खोक्यात पन्नास नग आहेत’. ही गेजच्या वाक्याचीच वाट झाली. मराठीत ‘असणे’ हे एकच क्रियापद मालकी, समावेश, ठिकाण आणि माहिती असे सगळे सांभाळते, आणि शाळेत ‘आहे’ म्हणजे ‘इज’ हे समीकरण इतके घट्ट बसलेले असते की इंग्रजीत त्या जागी हॅव, कन्टेन, बिलाँग, नो अशी स्वतंत्र क्रियापदे येतात हे लिहिण्याच्या घाईत ध्यानात येत नाही.

‘वी आर नॉट अंडरस्टँडिंग नोट नंबर फोर’ याच्या खाली होते, ‘चार नंबरची टीप समजत नाहीये’. ही वाट वेगळी आहे. मराठीत ‘मला समजतं’ आणि ‘मला समजतंय’ यांत फरक आहे. पहिले वाक्य सर्वसाधारण क्षमता सांगते आणि दुसरे या क्षणी, या बाबतीत काय अनुभव येत आहे ते सांगते. दिसतं आणि दिसतंय, वाटतं आणि वाटतंय, आवडतं आणि आवडतंय, ऐकू येतं आणि ऐकू येतंय, या सगळ्या जोड्या आपण दिवसभर वापरतो. अनुभवाच्या क्रियापदांना चालू काळ लावण्याची ही सोय मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे आणि तिने व्यक्त होणारी छटा खरीच आहे. इंग्रजी ती छटा बहुधा साध्या काळावर किंवा ‘कॅन’वर सोपवते. ‘मला समजत नाहीये’ हे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ होते आणि ‘मला दिसतंय’ हे ‘आय कॅन सी इट’ होते. विद्यार्थ्याच्या मनातली गरज खरी असते, म्हणून तो ‘डोन्ट अंडरस्टँड’ लिहायला बिचकतो. त्याला वाटते, असे लिहिले तर आपल्याला कधीच काही समजत नाही असा अर्थ होईल. ही भीती वर्गात बोलून दाखवली गेली पाहिजे, अन्यथा दुरुस्ती वरवरची राहते.

‘धिस बुश इज वेइंग टू हंड्रेड ग्रॅम्स’ याच्या खाली ‘या बुशचं वजन दोनशे ग्रॅम भरतंय’ असे अगदी शॉपफ्लोअरवरचे वाक्य होते. काट्यावर बुश ठेवलेला असताना ते वाक्य सुचते आणि ‘भरतंय’मधला चालूपणा तसाच इंग्रजीत उतरतो. ‘मिस्टर अमुक इज नोइंग धिस प्रोसेस सिन्स टेन इयर्स’ याच्या खाली ‘दहा वर्षांपासून ही प्रोसेस ओळखतात’ असे होते. त्याकडे पुढे येतो.

यादी पुन्हा दिल्यावर

मध्यंतरी कारखान्यातील तिच्या वरिष्ठांनी तिला स्टेटिव्ह, म्हणजे स्थितिदर्शक, क्रियापदांची छापील यादी दिली आणि ती टेबलावर चिकटवून ठेवायला सांगितली. त्यांचा हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. यादीत ‘थिंक’ होते, म्हणून तिने लिहिले, ‘वी थिंक अबाउट चेंजिंग द प्लेटिंग सप्लायर.’ प्लेटिंगचा पुरवठादार बदलण्याचा विचार चालू आहे, असे सांगायचे असताना वाक्याचा सूर ‘आम्ही पुरवठादार बदलण्याचा विचार अधूनमधून करत असतो’ असा झाला. यादीत ‘वेइ’ होते, म्हणून सॅम्पल मोजण्याचे काम प्रत्यक्ष चालू असताना ‘द इन्स्पेक्टर वेइज द सॅम्पल्स नाऊ’ असे गेले.

क्रियापदांची यादी शिकवण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. स्थिती आणि क्रिया हा भेद शब्दांचा नसून अर्थांचा आहे, आणि एकच शब्द दोन्ही बाजूंना उभा राहू शकतो. बुश दोनशे ग्रॅम भरतो तेव्हा बुश काहीच करत नसतो, म्हणून तेथे ‘वेइज’. इन्स्पेक्टर बुशचे वजन करतो तेव्हा तो काम करत असतो, म्हणून तेथे ‘इज वेइंग’. आमटी खारट लागते तेव्हा ‘टेस्ट्स’, आणि आई आमटीची चव घेऊन पाहते तेव्हा ‘इज टेस्टिंग’. ‘आय थिंक’ म्हणजे माझे मत आहे आणि ‘आय अॅम थिंकिंग’ म्हणजे माझा विचार चालू आहे. ‘बी’ हे क्रियापदसुद्धा याला अपवाद नाही. ‘द इन्स्पेक्टर इज स्ट्रिक्ट’ हा स्वभाव झाला, तर ‘द इन्स्पेक्टर इज बीइंग स्ट्रिक्ट टुडे’ हे आजचे वागणे झाले. या सगळ्या जागी यादी पाठ असणारा विद्यार्थी अडतो आणि अर्थ पाहणारा विद्यार्थी सुटतो.

‘काय करताय?’ ही कसोटी

झीनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांचे काळाशी असलेले नाते तपासताना त्यांचे चार वर्ग पाडले आणि स्थितीचा वर्ग ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न वापरला. ‘तू काय करतो आहेस?’ या प्रश्नाला ‘मी पळतो आहे’ हे उत्तर होऊ शकते, ‘मी जाणतो आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. इंग्रजीसाठी मांडलेली ही कसोटी मराठीत आणून पाहिली तेव्हा ती तेवढ्याच खणखणीतपणे वाजली, आणि या प्रकरणाची दिशा तिथेच बदलली.

विद्यार्थिनीला मी तिची स्वतःची मराठी वाक्ये या प्रश्नासमोर ठेवायला सांगितली. काय करताय? ‘रिपोर्ट लिहितेय.’ बसते. काय करताय? ‘गेजनं व्यास तपासतेय.’ बसते. काय करताय? ‘माझ्याकडे गेज आहेत.’ बसत नाही. काय करताय? ‘मला समजतंय.’ इथे ती थांबली. ‘समजतंय’ हे तर चालू काळाचे रूप आहे, तरीही कोणताही मराठी माणूस ‘काय करताय?’ला ‘मला समजतंय’ असे उत्तर देणार नाही, हे तिला तिच्या कानांनीच सांगितले. त्यासाठी मला एकही इंग्रजी नियम सांगावा लागला नाही.

यातून पुढची पायरी तिनेच काढली. तिने टाकाऊ ठरलेली वाक्ये एका बाजूला लिहिली आणि म्हणाली, “सर, ही सगळी ‘मला’ची आहेत.” मला दिसतं, मला ऐकू येतं, मला वास येतो, मला माहीत आहे, मला आठवतं, मला आवडतं, मला हवं आहे, मला वाटतं. यांतल्या प्रत्येकाशेजारी इंग्रजी क्रियापद लिहिले तर सी, हिअर, स्मेल, नो, रिमेंबर, लाइक, वॉन्ट, फील, म्हणजे जवळजवळ शाळेतली यादीच तयार होते. आणि ‘मी’ने सुरू होणारी त्यांची भावंडे शेजारी ठेवली तर मी बघतोय, मी ऐकतोय, मी वास घेतोय, मी आठवून पाहतोय, मी विचार करतोय, ही सगळी आयएनजी घेणारी निघतात. कर्ता ‘मी’ असतो तेव्हा तो काहीतरी करतो. ‘मला’ असतो तेव्हा त्याच्या वाट्याला काहीतरी येते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’च असतो, त्यामुळे हा भेद तिथे कर्त्यावर न दिसता क्रियापदाच्या रूपात दिसतो. जो फरक इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात अवघड म्हणून शिकवला जातो तो मराठी मुलाच्या विभक्तीत लहानपणापासून बसलेला असतो, आणि आपण शिक्षक त्याचा उपयोग न करता त्याला परकी यादी पाठ करायला लावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही कसोटी सर्वत्र चालते असे मात्र नाही, आणि विद्यार्थ्यांना ते आधीच सांगणे योग्य. ‘मला घाम येतोय’ आणि ‘मला खोकला येतोय’ ही ‘मला’ची वाक्ये असूनही इंग्रजीत ‘आय अॅम स्वेटिंग’ आणि ‘आय अॅम कॉफिंग’ होतात, कारण शरीरात खरोखर काही घडत असते. उलट ‘मी त्यांना ओळखतो’ आणि ‘मी हे मानतो’ यांत ‘मी’ असूनही इंग्रजीत स्थितीच येते. ‘मला बरं वाटत नाहीये’ला ‘आय डोन्ट फील वेल’ आणि ‘आय अॅम नॉट फीलिंग वेल’ दोन्ही चालतात. अशा प्रसंगी ‘मी’ आणि ‘मला’ बाजूला ठेवून पुन्हा मूळ प्रश्नाकडे जावे लागते. कोण काय करत आहे? काही घडत आहे का? ‘ओळखतो’ हे ‘काय करताय?’चे उत्तर होत नाही, तेवढे पुरेसे असते. खोके आणि बुश यांच्या बाबतीतही हाच प्रश्न कामी येतो, कारण पन्नास नग पोटात घेऊन बसलेले खोके काहीच करत नसते.

जाहिरातीचा आक्षेप

या टप्प्यावर तिने एक आक्षेप घेतला आणि तो सोडून देण्यासारखा नव्हता. मॅकडोनाल्ड्सची २००३ पासून चालत आलेली ‘आय अॅम लव्हिंग इट’ ही ओळ मग चूक म्हणायची का? ती चूक नाही. ‘लव्ह’ हे मुळात टिकणाऱ्या भावनेचे क्रियापद आहे. त्याला आयएनजी लावून ती ओळ, या घासाला, या क्षणी मी जी मजा घेत आहे ती, असा अर्थ पुढे आणते. भावना स्थितीच्या खान्यातून काढून अनुभवाच्या खान्यात ठेवली आहे आणि वाचकाला ती हालचाल जाणवते, म्हणून ओळ लक्षात राहते. ‘ओनियन्स आर कॉस्टिंग मोअर एव्हरी वीक’ यात ‘कॉस्ट’ला आयएनजी चालते कारण भाव दर आठवड्याला चढत आहे. ‘शी इज रिझेम्ब्लिंग हर मदर मोअर अँड मोअर’ यात साम्य वाढत आहे. बदल आला की क्रिया आली आणि क्रिया आली की चालू काळ आला.

पत्रव्यवहारात याचा एक उपयोग मी तिला मुद्दाम शिकवला. ‘आय होप यू कॅन अप्रूव्ह द सॅम्पल्स’ यापेक्षा ‘आय वॉज होपिंग यू कुड अप्रूव्ह द सॅम्पल्स’ हे नम्र वाटते, कारण आशा तात्पुरती आणि मागे घेता येण्याजोगी केल्याने समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. ‘होप’ यादीत आहे म्हणून ही वाक्यरचना तिने आजवर कटाक्षाने टाळली होती.

आपल्या इंग्रजीचा प्रश्न

स्थितिदर्शक क्रियापदांचा चालू काळातील वापर हे भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य म्हणून भाषाभ्यासकांनी दीर्घकाळ नोंदवले आहे, आणि ब्रज कच्रू यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतासारख्या देशांतील इंग्रजीला स्वतःची घडण असलेली भाषा मानावे असे आग्रहाने मांडले. मला ही भूमिका पटते. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात ‘आय अॅम हॅविंग टू सिस्टर्स’ म्हटल्याने कोणाचाही गैरसमज होत नाही आणि त्या वाक्यावरून कोणाची शैक्षणिक योग्यता ठरवणे अन्यायाचे आहे. इंग्रजीच्या चालू काळाची व्याप्तीही गेल्या काही शतकांत वाढत आली आहे. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही आज साधी वाटणारी रचना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हळूहळू रुळली आणि एकोणिसाव्या शतकात अनेक इंग्रजांना ती खटकत असे.

परंतु ऐकणारा आपल्या भाषिक घरातला असतो तेव्हा तो मनातल्या मनात ‘आहेत’ ऐकून घेतो, आणि बाहेरच्या वाचकाकडे ते ऐकण्याचे साधन नसते. गेजच्या वाक्यात अडचण शुद्धतेची नव्हती. वस्तू आहे की येणार आहे, हा व्यवहारातला मुद्दा होता. म्हणून मी तिला कोणती वाक्ये चूक आहेत हे न सांगता कोणती वाक्ये त्या वाचकाला वेगळे काही सांगतील हे शिकवले, आणि कागद शहराबाहेर जाणार असेल तेव्हा ते तपासण्याची सवय लावली.

‘पासून’ आणि ‘घातले आहेत’

दोन रचनांनी मात्र पुष्कळ वेळ घेतला. पहिली ‘पासून’ची. मराठीत ‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखते’ असा वर्तमानकाळच येतो, इंग्रजीत ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ असा पूर्ण वर्तमानकाळ लागतो. क्रियेच्या क्रियापदाला या जागी ‘हॅव बीन वर्किंग’ असे रूप मिळते, स्थितीच्या क्रियापदाला ते मिळत नाही, म्हणून ‘हॅव बीन नोइंग’ होत नाही. येथे विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन निर्णय घ्यावे लागतात. आधी काळ बदलायचा आणि मग स्थिती आहे का ते पाहायचे. तिच्या मेलमध्ये आजही येथे अडखळणे दिसते.

दुसरी रचना उलट दिशेची आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. सुरक्षेच्या पाहणीसाठी पाठवलेल्या एका छायाचित्राखाली तिने लिहिले होते, ‘द ऑपरेटर हॅज वोर्न सेफ्टी ग्लव्ह्ज.’ मनातले मराठी होते, ‘ऑपरेटरने हातमोजे घातले आहेत.’ मराठी येथे क्रिया पूर्ण झाली आणि तिचा परिणाम टिकून आहे असे सांगते. इंग्रजीत चित्रात दिसणारी ही तात्पुरती अवस्था ‘इज वेअरिंग’ अशी चालू काळात जाते. तिच्या वाक्याने ऑपरेटरने पूर्वी कधीतरी हातमोजे वापरले आहेत एवढेच कळते, आणि सुरक्षेच्या अहवालात हा फरक लहान नाही. बसला आहे, झोपला आहे, उभा आहे, टेकला आहे, अंगात घातला आहे, हातात धरला आहे, ही सगळी मराठी वाक्ये इंग्रजीत सिटिंग, स्लीपिंग, स्टँडिंग, लीनिंग, वेअरिंग, होल्डिंग अशी होतात. त्यातही ‘शनिवारवाडा स्टँड्स इन द हार्ट ऑफ द सिटी’ असे साधे रूप येते, कारण वाडा तिथे कायमचा आहे, आणि वाड्यासमोर बसची वाट पाहणारा माणूस ‘इज स्टँडिंग’ असतो. स्थिती आणि चालू काळ यांचे वैर आहे, असे सरसकट शिकलेला विद्यार्थी इथे हमखास चुकतो. तात्पुरती शारीरिक स्थिती इंग्रजीला चालू काळातच हवी असते.

सद्यःस्थिती

ग्राहकाला तिने दुसरे उत्तर स्वतःच लिहिले. त्यात ‘वी हॅव टू प्लग गेजेस फॉर धिस पार्ट’ असे वाक्य होते आणि दोन्ही गेजची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे सोबत जोडलेली होती. मंजुरी पुढे सरकली. लेखनात ‘आहे’च्या वाटेने होणाऱ्या चुका आता क्वचितच दिसतात, कारण ‘आर’ लिहिण्यापूर्वी ती कोण काय करत आहे हे विचारते. ‘समजतंय’च्या वाटेच्या चुका कमी झाल्या आहेत, पण बोलताना त्या टिकून आहेत. परदेशी ग्राहकाशी फोनवर आवाज तुटू लागला की ‘आय अॅम नॉट हिअरिंग यू’ हे वाक्य तिच्या तोंडून अजूनही आधी जाते. त्या क्षणी कसोटी लावायला वेळ नसतो, हे उघड आहे. त्यामुळे फोनवरील संभाषणासाठी ‘आय कान्ट हिअर यू’, ‘आय सी व्हॉट यू मीन’, ‘आय डोन्ट फॉलो’ अशी काही वाक्ये नियमाशिवाय, अखंड, मोठ्याने म्हणून बसवण्याचे काम आम्ही सध्या घेतले आहे. ‘पासून’ची रचना त्यानंतर घेणार आहोत, आणि तिच्यासाठी तिने कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राबद्दल व सहकाऱ्याबद्दल एकेक मराठी वाक्य लिहून आणायचे ठरले आहे.